अवकाळीच्या तडाख्यात गच्चीवरची बाग : माझा अनुभव

लातूरला गच्चीवर फाल्गुन-चैत्रात भाजीपाला टिकवायचा म्हणजे दोन परस्परविरोधी हवामानांची तयारी एकाच वेळी ठेवावी लागते. दुपारी स्लॅब पोळतो आणि सायंकाळी आभाळ भरून येऊन गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपिटीने मराठवाड्यातील उभी रब्बी पिके झोडपली, तेव्हापासून मार्चमधले ढग आमच्याकडे कोणी सहज घेत नाही. मात्र शेतातले पीक हलवता येत नाही, कुंडी हलवता येते. माझा यंदाचा हंगाम या एका सोयीवर निभावला.

त्यामुळे कशात काय लावायचे, हे मी उचलता येण्याच्या हिशेबाने ठरवले. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोची मुळे सुखाने वाढतात, पण पाणी दिल्यावर तो डबा एकटीने उचलणे अवघड असते. लहान कुंडी चटकन आडोशाला नेता येते, पण चैत्रात ती दिवसातून दोनदा पाणी मागते. शेवटी टोमॅटो आणि वांग्याचे डबे जिन्याच्या खोलीच्या पूर्वेकडील भिंतीलगत, विटांवर कायमचे ठेवले, म्हणजे सकाळचे ऊन मिळून दुपारनंतर त्यांच्यावर आपोआप सावली येते. मिरची, मेथी, कोथिंबीर व पुदिना लहान कुंड्यांत, जिन्याच्या दाराजवळ ठेवले.

मातीबाबत मात्र मी आग्रही आहे. आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नये. ती ओली असताना फुगते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाच्या छिद्राने निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मी काळी माती, गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात थोडी वाळू व मूठभर निंबोळी पेंड मिसळते, आणि वरून उसाच्या पाचटाचे आच्छादन घालते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी हवामान सल्ला पत्रिका मी नेमाने वाचत असे. पावसाचा इशारा दिसला की त्याच दुपारी कुंड्यांखालच्या थाळ्या काढायच्या, लहान कुंड्या जिन्यात न्यायच्या आणि मोठ्या डब्यांवरची हिरवी जाळी ताणून उतरती बांधायची, म्हणजे गारा घरंगळतात. विजा सुरू झाल्यावर मात्र, कितीही लाडके रोप बाहेर राहिले तरी, गच्चीवर पाऊल ठेवायचे नाही.

तरीही एका सायंकाळी वाऱ्याने जाळीचे एक टोक सुटले आणि वांग्याची पाने चाळणीसारखी झाली. फाटकी पाने लगेच न ओरबाडता, रोप कोरडे झाल्यावर फक्त लोंबणारी तेवढी कात्रीने कापली आणि जखमांतून रोग शिरू नये म्हणून लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारले. पालेभाज्यांना ते लागू दिले नाही. पुढचे काही दिवस पाणी जवळजवळ बंद ठेवले. वरची माती कोरडी दिसली तरी बोट खुपसून पाहायचे आणि वाफसा असेल तर झारी खाली ठेवायची, हा नियम ढगाळ दिवसांत फार उपयोगी पडला. ढगाळ हवेत मिरचीच्या शेंड्यांवर मावा आला, तो पाच टक्के निंबोळी अर्काने आटोक्यात राहिला.

एप्रिलमध्ये पारा 38 च्या पुढे गेल्यावर टोमॅटोचे फुलांचे देठ सांध्यापाशी पिवळे पडू लागले आणि बोट लागताच फूल गळू लागले. अशा उष्णतेत परागकण निकामी होतात, त्यामुळे जास्तीचे खत घालून काही साधत नाही. उलट कोवळा पाला वाढून पाण्याचा खर्च वाढतो. आणि पाण्याचा खर्च ही आमच्याकडे चेष्टेची बाब नाही: 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी मी झाडांसाठी वेगळे साठवते, आणि बोअरचे पाणी सतत दिल्यास मातीवर क्षारांचा पांढरा थर चढतो म्हणून ते आलटूनपालटून वापरते.

टोमॅटोची झाडे काढून त्या डब्यांत शेणखत मिसळले, आणि गवारीचे व रात्रभर भिजवलेले भेंडीचे बी टोचले. या दोन्ही भाज्यांना ऊन सोसते. झाडांवर राहिलेल्या कच्च्या टोमॅटोंची शेंगदाणे घालून चटणी केली, आणि पिकलेल्या टोमॅटोंपेक्षा हीच बरी, असा घरच्यांनी निकाल दिला.