चिऱ्याचा ठसा आणि मधला कोरा डाग

चवथीला गणपतीच्या मागे लावायचा पडदा यंदा घरीच छापायचा, असं मी आषाढात ठरवलं. नक्षी कुठली, हेही पक्कं होतं. फोंड्याच्या आमच्या घराची मागची भिंत गिलावा न केलेली, जांभ्या दगडाच्या उघड्या चिऱ्यांची आहे. चिरा जवळून बघा, सगळी भोकंच. काही तांदळाएवढी, काही चिंचोक्याएवढी, आणि एकही नीट गोल नाही.

कोरणं सोपं गेलं. खोडरबरावर हात बसवला आणि मग सागवानी ठोकळा दोन संध्याकाळींत गोल पटाशीने कोरून काढला. पहिला ठसा मारला. कडा सुरेख उठल्या आणि मधोमध रुपयाएवढा कोरा डाग.

रंग पातळ असेल म्हणून घट्ट केला, तर भोकं बुजली. कापडाला खळ असेल म्हणून ते धुण्याच्या सोड्यात उकळलं. (कोरं मांजरपाट असेल तर हे करायलाच हवं, नाहीतर रंग मुरत नाही.) डाग तिथेच. जोर लावला, तर कडांना रंग फुटला. सहा दिवस असेच गेले. शेवटी आई म्हणाली, "अगो, ठोकळाच वाकलाय का बघ. आपला जुना पोळपाट पावसात असाच डुगडुगायचा."

स्टीलची पट्टी ठोकळ्यावर उभी धरून खिडकीकडे पाहिलं. मधून उजेड दिसत होता, केसाएवढाच, पण ठसा बिघडायला तेवढा पुरतो. वखारवाल्याने पूर्ण सुकलेलं म्हणून दिलेलं लाकूड आतून ओलं होतं. त्याचा राग मला अजून आहे. कोरलेली बाजू वर करून ठोकळा मी पंख्याखाली ठेवत होते. वरची बाजू सुकून आकसली, खालची तशीच राहिली, म्हणून कडा उचलल्या. जाणते कारागीर कोरलेले ठसे दहा-पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवतात. घाईत मी ते टाळलं होतं.

मग काचेवर सँडपेपर चिकटवला, ठोकळ्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारल्या आणि मधली शेवटची रेघ जाईपर्यंत घासत राहिले. उथळ भोकं पुसली गेली, ती परत कोरली. तुम्ही पट्टी कोरण्याआधीच लावून बघा, आणि भोकं निदान तीन मिलिमीटर खोल ठेवा.

त्यानंतर पडदा एका दुपारी छापून झाला. कापडाखाली जुनी घोंगडी घाला आणि रंग स्पंजवरून घ्या. दर ठशाला ठोकळा पाव फेरा फिरवला की तीच भोकं पुन्हापुन्हा आलेली कळत नाहीत, अगदी भिंतच वाटते. श्रावणात रंग सुकायला दोन दिवस लागले. त्याआधी इस्त्री फिरवू नका. सुकल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री केली, म्हणून धुतल्यावरही रंग टिकला.

आणि ठसा पाण्यात बुडवून धुवू नका. ओल्या टूथब्रशने घासा आणि कडेवर उभा करून सुकवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागते.