हनोई, होई आन आणि आईची खर्चाची वही

तीन लाख एक्कावन्न हजार चारशे रुपये. मार्च २०२४, चार माणसं, नऊ रात्री, व्हिएतनाम. सांगलीत घराला कुलूप लावलं तेव्हापासून ते कुलूप पुन्हा उघडेपर्यंतचा सगळा खर्च यात आला. सांगली ते मुंबई विमानतळ गाडीभाडंसुद्धा.

हे गाडीभाडं मुद्दाम पहिल्यांदा सांगते, कारण परदेशप्रवासाचा हिशोब करताना आम्हा पुण्या-मुंबईबाहेरच्या माणसांचं सगळ्यात आधी चुकतं ते इथंच. विमान मुंबईहून असतं, पण आपण मुंबईत राहत नाही. चार माणसं, चार मोठ्या बॅगा, त्यात दोघी साठीच्या पुढच्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन पुढं टॅक्सी करायची, की घरातून थेट गाडी? आम्ही गाडी केली. जाऊन-येऊन १९,००० रुपये झाले. आमचं मुंबई-हनोई परतीचं तिकीट २० किलोच्या बॅगेसह माणशी २५,५०० होतं, म्हणजे एका तिकिटाच्या जवळजवळ पाऊणपट पैसे महाराष्ट्रातच संपले. पहिल्या कच्च्या हिशोबात ही ओळ नव्हतीच. ती आईनं घातली.

आई ६६ वर्षांची, मावशी ६२ची. दोघींनी आजवर देशाची सीमा ओलांडलेली नव्हती. मावशीचा तर पासपोर्टच नव्हता. (नव्या पासपोर्टला साठीपुढच्यांना शुल्कात दहा टक्के सूट असते, म्हणून १,५०० ऐवजी १,३५० रुपये लागले.) आईकडं गेली चाळीस वर्षं रोजच्या खर्चाची वही आहे. प्रवासाचं ठरल्यावर तिनं एक कोरी दोनशे पानी वही काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. "काय काय लागणार ते आठवेल तसं लिहा. रक्कम नंतर घालू." आम्ही दीड महिना तेच केलं, आणि माझ्या मते आमचा अंदाज बरोबर ठरला तो त्या दीड महिन्यामुळं. एका रात्रीत मोबाइलवर बसून केलेल्या हिशोबात विमान आणि हॉटेल एवढंच सुचतं.

आधी एका सहल कंपनीकडून दर मागवला होता. माणशी १,१८,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी आणि त्यावर तेव्हाच्या नियमानं पाच टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीनं आधीच कापून घेतलेला आयकर. चौघांचे ५ लाख २० हजारांच्या आसपास जात होते. टीसीएसची रक्कम आयकराचं विवरण भरताना वळती करून घेता येते हे खरं, पण पैसे आज खिशातून जातात आणि परत यायला महिने लागतात. शिवाय आई-मावशीचा स्वतःचा पगार नाही, त्यामुळं पैसे कोणाच्या पॅनवर कापले जाणार हेही आधी ठरवायला लागतं. हे दर पुढं बदलत राहिलेत, तेव्हा निघताना चालू नियम जरूर बघा. आम्हाला मात्र दर जास्त वाटला म्हणून नव्हे, तर रोज सकाळी सातला बसमध्ये बसायला त्या दोघींना जमणार नाही म्हणून आम्ही आमची आमची सहल आखली.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, माणशी. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या भरता येतो, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाची मध्यस्थांची बरीच पानं समोर येतात आणि ती दुप्पट-तिप्पट मागतात. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून नावातलं अक्षरन् अक्षर पासपोर्टशी ताडून बघावं. चौघांचा व्हिसा साडेआठ हजार, प्रवास विमा ५,४००. विम्यातला मोठा वाटा त्या दोघींचा होता. रक्तदाब आणि मधुमेह लपवून स्वस्त विमा घेण्यात काही अर्थ नाही, आम्ही सगळं लिहून घेतला.

आता डोंग, म्हणजे तिथलं चलन. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला तीनशेच्या जरा आत डोंग मिळत होते. किमती लाखात ऐकून मावशी पहिल्या दिवशी पार गांगरली. शेवटी आईनं रीत काढली: शेवटची दोन शून्यं उडवायची आणि तिनानं भागायचं. १,२०,००० डोंग म्हणजे १,२००, भागिले तीन, चारशे रुपये. दुसऱ्या दिवसापासून मावशी भावसुद्धा करायला लागली.

पण नोटांकडं लक्ष ठेवा. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळी. एक सत्तर रुपयांच्या आतली, दुसरी सोळाशेच्या वरची. हनोईच्या जुन्या पेठेत मावशीनं आंबे घेतले आणि वीस हजारांची समजून पाच लाखांची नोट देऊन चालू पडली. ती आंबेवाली खांद्यावरची कावड तिथंच ठेवून आमच्या मागं धावत आली, नोट मावशीच्या हातात परत दिली, तिच्याच पाकिटातली बरोबर नोट दाखवून ती घेतली आणि हसत निघून गेली. त्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा माझ्या पर्समध्ये, बाकी सगळ्या त्यांच्याकडं.

डोंग भारतात सहज मिळत नाहीत. आम्ही डॉलर नेले आणि तिथं अधिकृत ठिकाणी बदलले. शंभरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. लहान नोटांना दर कमी मिळतो आणि जराशी फाटकी नोट परत करतात. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुतेक साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभर रुपयांमागं चार रुपये तेरा पैसे. आणि दुकानदारानं यंत्रावर "रुपयांत घेऊ की डोंगमध्ये?" असं विचारलं तर डोंग म्हणा. रुपयांत बरं वाटतं, पण तो दर त्यांनी लावलेला असतो.

विमान पहाटे उतरलं. खोली दुपारी दोनला मिळणार होती. आई-मावशी रात्रभर बसून आल्या होत्या, दोघींचे पाय सुजलेले. मी हॉटेलला विचारून एक खोली लगेच घेतली, अर्ध्या दिवसाचे चार लाख डोंग. ही रक्कम वहीत नव्हती, आणि ती माझी चूक. स्वस्त तिकीट बहुतेक वेळा अवेळीचं असतं. त्या अवेळेची किंमत तिकिटातच धरावी, मग ते खरंच स्वस्त आहे का ते कळतं.

राहण्याचं फार सांगत नाही. हनोईत जुन्या पेठेत न्याहारीसह खोली तीन हजारांना, मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावी घरगुती निवास चोवीसशेला. दोन खोल्या, आठ रात्री, ४३,२०० रुपये. खोली लिफ्ट असलेल्या इमारतीत आहे का ते विचारा. जुन्या पेठेतली घरं अरुंद आणि उंच, आणि स्वस्त खोली हमखास चौथ्या मजल्यावरची.

नववी रात्र 'हा लाँग' नावाच्या उपसागरात बोटीवर काढली. माणशी साडेअकरा हजार, चौघांचे ४६,०००, सहलीतला विमानाखालोखालचा मोठा खर्च. यावर घरात वाद झाला होता. दिवसाची फेरी याच्या निम्म्याहून कमी पैशात होते. नवरा म्हणत होता, एवढं कशाला? मी अडून बसले, कारण सहा तास बसमध्ये आणि चार तास बोटीवर असला दिवस आईला झेपला नसता. पहाटे पावणेसहाला मी डेकवर गेले तर त्या दोघी आधीच शाली गुंडाळून बसल्या होत्या. धुक्यातून चुनखडीचे डोंगर एकेक करून वर येत होते. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. या दोघी गप्प बसलेल्या मी फार थोड्या वेळा पाहिल्यात. बोटीच्या दरात जेवण असतं, पण पाण्याची बाटली, चहा, सरबत वेगळं लावतात, तेवढं आधी विचारून घ्या.

कुठं हात आखडायचा नाही हे निघण्याआधी ठरवलं की बाकी ठिकाणी हात आपोआप आखडतो. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या होत्या: बोट, दोघींना झेपेल अशी गाडी आणि हनोईहून होई आनजवळच्या दा नांग शहराचं विमान. रेल्वेचा रस्ता ७९१ किलोमीटरचा, सोळा-सतरा तासांचा. मला स्वतःला त्या गाडीनं जायची फार इच्छा होती, समुद्राकाठचा हाय व्हानचा घाट तिच्यातून दिसतो. पण आईच्या पाठीपुढं तो विषय मिटला. विमानाचे बॅगेसह चौघांचे जाऊन-येऊन ३०,००० लागले. उलट दा नांगजवळच्या बा ना हिल्सवरचा सोनेरी पूल आम्ही सोडला. माणशी नऊ लाख डोंगांच्या आसपास तिकीट होतं, वर गाडी. कोणालाच त्याची ओढ नव्हती, नुसते फोटो पाहिले होते.

खाण्याचा हिशोब मात्र आमचा पार चुकला, आणि सुखानं चुकला. आई-मावशी पक्क्या शाकाहारी, म्हणून मी रोज दोन वेळा भारतीय हॉटेल धरलं होतं. पहिल्या संध्याकाळी तसंच केलं. डाळ, दोन भाज्या, रोट्या, भात, चौघांचं बिल नऊ लाख डोंग, तीन हजार रुपये. आई वहीत लिहिताना थांबली. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीनं एक शब्द शिकवला: चाय. आपला चहा नव्हे, तिथं 'चाय' म्हणजे शाकाहारी. बौद्ध परंपरेमुळं तिथं शाकाहारी खाणावळी जागोजागी असतात, पाटीवर 'कॉम चाय' लिहिलेलं. कॉम म्हणजे भात. माशाचा रस त्या स्वयंपाकात नसतो. भात, टोफू, परतलेल्या पालेभाज्या, मशरूम, आणि वाटीभर पातळ सूप, ताट चाळीस हजार डोंगला. चौघं साडेपाचशे रुपयांत पोटभर जेवलो. मावशीनं पहिला घास घेऊन सांगितलं, "मीठ कमी, बाकी झकास." जोडीला घरचं भडंग आणि मेतकूट होतंच. (हातातल्या बॅगेला सात किलोचीच मुभा होती. घरी काट्यावर तोलूनच निघालो.)

रोजचं खाणं, गाड्या, तिकिटं, सिमकार्ड मिळून ६५,००० धरले होते, ५८,३०० लागले. खरेदीचे १८,००० धरले होते, ३१,००० गेले. होई आन ही शिंप्यांची पेठ आहे. दुसऱ्या दिवशी कपडा शिवून हातात देतात, आणि रेशीम हाताला लागल्यावर दोन्ही बहिणींचा निश्चय टिकला नाही. तेही योग्यच झालं. असल्या अचानक वाढणाऱ्या खर्चासाठीच ३०,००० रुपये वेगळे बाजूला ठेवले होते. मावशीचा चष्मा तिथंच फुटला, नवा करायला अकरा लाख डोंग लागले, तेही त्यातूनच निघाले. एटीएमचं शुल्क आणि बदलताना झालेली तूट मिळून सोळाशे.

२२ मार्चला आम्ही 'मी सन' नावाच्या ठिकाणी गेलो, होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. त्या भागात पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची शिवमंदिरं. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मनानं इथं भद्रेश्वराची स्थापना केली. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात यातलं सगळ्यात उंच शिखर कोसळलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं इथल्या देवळांच्या डागडुजीचं काम केलंय, आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. तिकीट दीड लाख डोंग, आतल्या विजेच्या गाडीसकट. बसची सहल स्वस्त होती, आम्ही गाडी केली, कारण आईला तिथं हवा तेवढा वेळ बसायचं होतं. शिवरात्र होऊन पंधराच दिवस झाले होते. पाऊण तास ती एका पडक्या गाभाऱ्यासमोर विटेवर बसून राहिली. वाहनचालक बाहेर थांबला होता. घाई करायला कोणी नव्हतं.

तिथली चांद्र तिथी आपल्यासारखीच चालते. २३ मार्चला त्यांची चतुर्दशी होती, आणि होई आनमध्ये दर महिन्याच्या त्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात. नुसते आकाशकंदील. थू बोन नदीत होडीतून फिरायला चौघांना दोन लाख डोंग. आईनं कागदी दिवा पाण्यात सोडला आणि तो पुलाखालून जाईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी होळी पौर्णिमा. पुरणपोळी नाही म्हणून मावशी सकाळपासून हळहळत होती. संध्याकाळी आमच्या निवासाच्या मालकीणबाईंनी दारात टेबल मांडलं. फुलं, फळं, उदबत्त्या. मग पत्र्याच्या डब्यात पूजेचे रंगीत कागद एकेक करून जाळायला घेतले. पौर्णिमा होती, गल्लीत बऱ्याच दारांपुढं तसाच छोटा जाळ पेटला होता. आई उठून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि नारळ घेऊन आली. बाईंनी काही न विचारता टेबलावर जागा करून दिली. जाळ विझल्यावर दोघी बहिणींनी त्याला प्रदक्षिणा घातली.

वहीत तोवर चारच रकाने होते: प्रवास, खाणं, तिकिटं, इतर. रात्री आईनं पट्टी घेऊन पाचवा आखला. वर लिहिलं 'देवधर्म' आणि खाली, नारळ १, डोंग २०,०००.