फोन वाजला नाही

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तात्यांचा फोन आला. "बिबट्या येऊन गेला. एक शेळी जागीच मेली, एक नेली." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझा कॅमेरा चालू व्हता." आणि फोन ठेवला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

जुन्नर तालुक्यात मी नऊ वर्षं कॅमेरे बसवतोय. तात्यांचं काम त्या फोनच्या दीडेक महिना आधी केलेलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी दोनदा कापून नेली होती, म्हणून त्यांनी चार कॅमेरे घेतले. एक विहिरीवर, एक फाटकावर, दोन गोठ्याकडे. गोठ्याकडचे दोन खरं तर मीच सुचवले होते, तिकडून पाणंद येते म्हणून.

पहिल्या आठवड्यात तात्या वैतागले. एका रात्रीत २१२ अलर्ट. बाहेरच्या माणसाला वाटतं की कॅमेऱ्याला काहीतरी 'दिसतं'. तसं नसतं. साधं मोशन डिटेक्शन म्हणजे आधीच्या चित्रातले ठिपके आणि आत्ताचे ठिपके ताडून बघणं, फरक ठरलेल्या मापापुढे गेला की अलर्ट. दिवसा निभावतं. रात्री भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याच्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि बरोबर काचेपुढे जाळं विणतो. भिंगापासून दोन बोटांवरचा तो धागा रात्रीच्या चित्रात दोरखंडाएवढा पांढरा दिसतो. वारा आला, धागा हलला, अलर्ट. उसाची पाती, पाऊस, वळणावर ट्रॅक्टरचा झोत, अलर्ट. तिसऱ्या दिवशी तात्यांनी मोबाइल सायलेंटवर टाकला. आमच्या धंद्यातले बरेच जण इथेच गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडतात. सेन्सिटिव्हिटी तळाला नेतात, पैसे घेतात, जातात. मग कॅमेरा भिंतीवर नुसता लटकतो. मला याची चीड आहे.

म्हणून मी एक अख्खी दुपार तिथे घालवली. फक्त माणूस आणि वाहन एवढंच ओळखायचं, बाकी सगळं सोडून द्यायचं, असा फिल्टर लावला. कॅमेऱ्याच्या चित्रात फाटकावर रेष आखली, विहिरीभोवती चौकट. चौकट आखताना बांधावरचा ऊस बाहेर ठेवला. किमान आकार किती धरायचा हे ठरवायला तात्यांच्या मुलाला विहिरीपासून पाणंदीपर्यंत चालायला लावलं, वाकून, बसून, घोंगडी पांघरून. मोबाइल बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो, ते बंद केलं. त्या रात्री तीन अलर्ट आले आणि तिन्ही खरे होते: मुलगा शेताला पाणी द्यायला गेला होता, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. तात्यांनी फोन करून सांगितलं, "आता झोप लागती बघ." त्या वाक्यानं मी फार सुखावलो होतो.

त्या सकाळी गोठ्यात पोहोचलो तेव्हा वनरक्षक पंचनामा करत होते. शांतपणे, तात्यांना धीर देत. मी रेकॉर्डिंग काढून दिलं. रेकॉर्डिंग चोवीस तास चालू असतं, अलर्ट जावो न जावो.

२ वाजून १४ मिनिटांनी कुत्रं भुंकायला लागतं. पडवीत बांधलेलं, चित्रात नाही, पण कॅमेऱ्याच्या माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतं. २ वाजून १७ मिनिटांनी उसातून बिबट्या निघतो. घाई नाही. पाच फुटांच्या भिंतीवर चढून बसतो. भिंतीच्या वर पत्र्यापर्यंत जाळी आहे, एका कोपऱ्यात सुटलेली. तो त्या कोपऱ्याकडे बघत चार मिनिटं बसून राहतो. चार मिनिटं, कॅमेऱ्यापासून बारा मीटरवर, इन्फ्रारेडच्या उजेडात डोळे चमकतायत. माणूस नाही. वाहन नाही. माझ्या फिल्टरनं सांगितलेलं काम चोख केलं.

तात्या शेजारी उभे राहून सगळं बघत होते. काकू आत होत्या, त्यांनी बघितलं नाही. मग तात्या म्हणाले, "कुत्रं भुंकलेलं मी ऐकलं व्हतं. आधी असतो तर बॅटरी घेऊन उठलो असतो. पण म्हटलं, फोन कुठं वाजलाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्यांना फक्त चोर कुठून येतो एवढंच विचारलं होतं. जुन्नर वनविभागात, जिथे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, तिथे मी गोठ्याकडे कॅमेरा लावला आणि रात्री तिकडून काय येऊ शकतं हे विचारलं नाही. वर अलर्ट कमी केले म्हणून खूश झालो.

नंतर एक जुना छोटा संगणक घेऊन त्यावर फ्रिगेट नावाचं कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर टाकलं. मोफत मिळतं, आणि कॅमेऱ्यानं कशाची दखल घ्यायची ते आपण ठरवू शकतो. त्याचं नेहमीचं मॉडेल ८० प्रकारच्या गोष्टी ओळखतं. प्राण्यांत पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा, जिराफ. बिबट्या नाही. शेळीसुद्धा नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात एआय छापून विकणाऱ्यांनी ही यादी एकदा गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी त्यात घालून बघितलं. चालताना काही चित्रांत मांजर म्हणतं, काहींत कुत्रा, एकदा गाय. भिंतीवर बसलेला असताना काहीच म्हणत नाही. दोन रात्री त्यावर डोकं लावल्यावर कळलं की नाव विचारणंच चुकीचं आहे. मग असं केलं: भिंतीचा माथा आणि उसाकडची पट्टी एवढाच झोन, शेळ्या पूर्ण बाहेर. संध्याकाळी सात ते सकाळी सहा त्या पट्टीत यादीतलं कुठलंही चार पायांचं, ठरावीक आकारापुढचं आलं, नाव काहीही देवो, की फोन वाजेल आणि गोठ्यावरचा मोठा दिवा लागेल. ओळखण्याची खात्री किती हवी तो आकडा मुद्दाम खाली आणला. त्याच रेकॉर्डिंगवर परत चालवलं तेव्हा २ वाजून १७ मिनिटांनीच, तो भिंतीवर चढायच्या आधी, अलर्ट आला. जाळीचा कोपरा तात्यांच्या मुलानं दुसऱ्याच दिवशी तारेनं आवळला होता. खरं काम तेच.

आणि आणखी एक. फ्रिगेट आवाजही ओळखतं, त्यात कुत्र्याचं भुंकणं आहे. ते चालू केलं.

पहिल्या रात्री भुंकण्याचे चौदा अलर्ट आले. सकाळी मी स्वतःहून फोन केला, म्हटलं, तात्या, आज येऊन कमी करून देतो. ते म्हणाले, "राहू दे. चौदाही वेळा उठून बघितलं मी."

अजून तसंच चालू आहे. मी रोज रात्रीचा आकडा बघतो, आणि कमी करायला हात पुढे होत नाही.