आधी भाषा विचार

म्हापशात माझं छपाईचं दुकान आहे. डीटीपी, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, आणि पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की मेनू कार्डं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक गिऱ्हाईक वहीच्या चार पानांवर हाताने लिहिलेला मेनू घेऊन आलं. पदार्थांची नावं पोर्तुगीजमध्ये, समोर किंमत. शेजारी इंग्रजी घाल, एवढंच सांगून ते गेलं.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी कामाला बसलो. पोर्तुगीज मला जेमतेम कळतं, अडलं की मोबाइलवर भाषांतर बघतो. एकेक शब्द टाकत गेलो, येईल ते उत्तर चिकटवत गेलो. सलाडच्या रकान्यात एका ओळीत एकच शब्द होता, पी-ओ-एल-व्ही-ओ. मोबाइलने तो शब्द स्पॅनिश धरला. साडेअकरा वाजून गेले होते. प्रूफ वाचताना मी किमती ताडून पाहिल्या, स्पेलिंगं पाहिली, अर्थाकडे लक्षच गेलं नाही. 120 कार्डं छापून, लॅमिनेशन करून दिली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सगळा गठ्ठा घेऊन परत आलं आणि न बोलता एका ओळीवर बोट ठेवलं. ऑक्टोपसच्या सलाडपुढे मी ‘डस्ट’ छापलं होतं. धुळीचं सलाड.

पैसे परत करून, सगळी कार्डं पदरमोड करून पुन्हा छापून दिली. ते गिऱ्हाईक नंतर आलं नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं, कारण त्याने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. पोर्तुगीजमध्ये ‘पोल्वु’ म्हणजे ऑक्टोपसच. स्पॅनिशमध्ये त्याच पाच अक्षरांचा ‘पोल्वो’ म्हणजे धूळ. स्पॅनिश माणूस ऑक्टोपसला ‘पुल्पो’ म्हणतो आणि पोर्तुगीज माणूस धुळीला नुसतं ‘पॉ’. दोन्ही भाषा लॅटिनच्या पोटच्या, शेजारी-शेजारी वाढलेल्या, पण हे दोन शब्द एकमेकांचे कुणीच नाहीत. ऑक्टोपसवाला शब्द मूळ ग्रीक, ‘पुष्कळ पायांचा’ अशा अर्थाचा. धूळवाला लॅटिनमधल्या धुळीच्या शब्दातून आलेला. दोघं वेगवेगळ्या वाटांनी झिजत झिजत आले आणि एकाच आकाराचे होऊन थांबले.

बाबांच्या हातून हे झालं नसतं. ते पणजीत कंपोझिटर होते, म्हणजे छपाईचे खिळे, धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि छापखान्यात लागून त्यांना दोन वर्षं झाली होती. एकाच खोलीत मराठीच्या खिळ्यांच्या केस, म्हणजे खणांच्या पेट्या, पोर्तुगीजच्या केस, इंग्रजीच्या केस. पोर्तुगीज त्यांना बोलता येत नसे, पण खिळे मात्र अचूक जुळवायचे, तेही उलटे. पोर्तुगीजच्या केसमध्ये डोक्यावर लाट असलेला ए, लाट असलेला ओ, खाली शेपूट असलेला सी, ह्यांचे वेगळे खण असत. लाटेचा एन् नसे, कारण पोर्तुगीजला तो लागतच नाही, स्पॅनिशला लागतो. हे मला बाबांनी मी आठवीत असताना सांगितलं होतं. त्या लाटेवर किती अडून असतं ते मला फार पुढे कळलं. पोर्तुगीजमध्ये ‘आनु’ म्हणजे वर्ष, साधा एन्. स्पॅनिश वर्षाच्या एन्‌वर लाट लागते. ती घालायची राहून गेली तर नववर्षाच्या शुभेच्छापत्रावर शरीराच्या अशा भागाचं नाव येतं, जे आपण चारचौघांत घेत नाही. आणि तीच तीन अक्षरं चेक भाषेत म्हणजे ‘हो’. होकार.

बाबांची एक शिस्त होती. ऑर्डरच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर भाषेचं नाव लिहायचं. नग किती, कागद कुठला, रंग किती, हे सगळं नंतर. ‘आधी भाषा विचार, मग मजकूर घे,’ असं मला ते दहा वेळा तरी म्हणाले असतील. पोर्तुगीजची कामं हळूहळू कमी होत गेली. 1900 साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालेलं ‘ओ हेराल्दो’ हे दैनिकसुद्धा 1983 मध्ये इंग्रजी झालं. माझ्या दुकानात संगणक आला, ऑर्डरबुक छापील झालं, आणि भाषेचा रकाना मीच काढून टाकला. तो आता परत आणलाय. लाल शाईत.

त्या प्रसंगानंतर मी एक वही केली. असे शब्द भेटले की त्यात लिहितो. लिहिता लिहिता लक्षात आलं की ह्यात दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करता कामा नये.

पहिली जात दुरावलेल्या भावंडांची. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू, जर्मनमध्ये त्याच अक्षरांचा ‘गिफ्ट’ म्हणजे विष. ऐकून दचकायला होतं, पण दोन्ही एकाच घरचे आहेत, ‘देणं’ ह्या अर्थाच्या धातूचे. जर्मनमध्ये दिलेली मात्रा औषधाची झाली आणि पुढे विषाची. इटालियन ‘काल्दो’ म्हणजे गरम, पोर्तुगीज ‘काल्दु’ म्हणजे गरम सूप, जे आपल्याकडेही अनेक घरांत होतं. हेही एकाच घरचे. इटलीत नळावर सी लिहिलेला असतो तो ह्या काल्दोचा. इंग्रजी नळाची सवय असलेला माणूस गार पाण्याच्या आशेने हात पुढे करतो आणि भाजून घेतो. आपल्याकडे ‘शिक्षा’ हा शब्द तसाच आहे. हिंदीत शाळा, मराठीत छडी. पण संस्कृतमध्ये पाहिलं तर घर एकच.

मला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या जातीची. नातं नाही, गोतं नाही, आणि तोंडवळा एक. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये तीच अक्षरं म्हणजे गाढव. लोण्याचा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, गाढवाचा लॅटिनमधल्या ‘छोटा घोडा’ अशा अर्थाच्या शब्दातून. पोर्तुगीज ‘रातु’ म्हणजे उंदीर, स्पॅनिश ‘रातो’ म्हणजे थोडा वेळ. ‘मोस्त’ हा हंगेरियनमध्ये ‘आत्ता’ आणि चेकमध्ये पूल. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचं ‘से’ म्हणजे बिशपचं आसन. तेच ‘से’, डोक्यावरच्या मात्रेसकट, स्पॅनिश पाहुण्याला वाचायला दिलं तर त्याचा अर्थ होतो ‘मला माहीत आहे’.

आणि ‘प्रेगु’. पोर्तुगीजमध्ये खिळ्याला ‘प्रेगु’ म्हणतात. हरमलला राहणारे एक इटालियन गृहस्थ योगवर्गाची पत्रकं छापायला येत. मी आभार मानले की ते ‘प्रेगो’ म्हणत, म्हणजे ‘त्यात काय एवढं’. बाबा तेव्हा दुकानात कोपऱ्यात बसून असत. त्यांना बोलण्यातले पोर्तुगीज शब्द थोडे थोडे ठाऊक होते. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, ‘हा माणूस दर वेळी खिळा कशाला मागतो?’ जन्मभर खिळे जुळवलेल्या माणसाला तो प्रश्न पडणं अगदी साहजिक होतं. मी समजावून सांगितलं तेव्हा ते खूप वेळ विचार करत बसले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे खिळे तेच.’

रशियन पाहुण्यांमुळे आणखी एक पायरी कळली. मोरजीला रशियन पाट्या लागू लागल्या तेव्हा मला एक काम आलं. मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द मला दिसत होता पी-ई-सी-टी-ओ-पी-ए-एच, पेक्टोपाह. हे कसलं नाव, असं वाटलं. त्यांच्या लिपीत पी दिसणारं अक्षर र असतं, सी दिसणारं स, आणि एच दिसणारं न. शब्द साधा ‘रेस्तोरान’ होता. इथे तर अक्षरंच तोतया.

पण ह्यासाठी युरोपात जायची तरी काय गरज? देवनागरीत हे रोज घडतं. माझी बायको कोल्हापूरची. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शेजारची काकी आली, हिने चहा पुढे केला, काकी म्हणाली, ‘म्हाका नाका गो.’ हिला नाका म्हणजे पत्रादेवीला लागतो तो, जिथे गाड्या अडवतात. चहाचा आणि नाक्याचा काय संबंध ते हिला कळेना, आणि कप हातात धरून ती तशीच उभी. कोकणीत ‘नाका’ म्हणजे ‘नको’. ‘भाव’ कोकणीत भाऊ, मराठीत दर किंवा मनातला भाव. ‘चलो’ कोकणीत मुलगा. दुकानात हाताखाली असलेला झारखंडचा मुलगा सुरुवातीला कोकणी मजकुरात ‘चलो’ दिसला की विचारायचा, कुठे जायचंय? त्यालाच मी एकदा ‘येथे पीठ दळून मिळेल’ हा फ्लेक्स करायला दिला होता. हिंदीत पीठ म्हणजे पाठ, आणि मराठीतलं पीठ संस्कृत ‘पिष्ट’मधून आलेलं. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला होता. ‘ऊन’ही तसंच. आपलं ऊन उष्णातून आलं, हिंदीतली लोकर ऊर्णेतून.

रोमी लिपीत कोकणी छापायला घेतली की सगळे एका अंगणात येतात. ‘देव बरी रात दिवं’ मधली रात लिहायची आर-ए-टी. इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे उंदीर दिसतो, जर्मन वाचणाऱ्याला सल्ला किंवा नगरपरिषद. दारावरच्या आशीर्वादाच्या कार्डात दार लिहायचं डी-ए-आर, आणि पोर्तुगीजमध्ये ‘दार’ म्हणजे देणं. आपली मराठीसुद्धा ह्या अंगणात जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं ते रोमन अक्षरांत.

वहीतला माझा सगळ्यात आवडता शब्द ह्याच अंगणातला आहे. गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात ती इंग्रजी अक्षरांतून मराठीत. एम-ए-एल-ए, मला दोनशे पत्रिका पाहिजेत. तीच चार अक्षरं हरमलच्या दुकानांत जपाच्या माळांवर असतात. पोर्तुगीजमध्ये ‘माला’ म्हणजे प्रवासाची पेटी. स्पॅनिशमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट, स्त्रीलिंगी. चौघांचं मूळ वेगळं. मी ‘मला’ म्हणतो तेव्हा पलीकडे कुणीतरी पेटी बांधत असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यंदा डिचोलीत भावाने आणि मी मिळून घर बांधलं. जुन्या घराचं छप्पर आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं आणि आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घराचं नाव ‘आई’ ठेवायचं हे कुणी न सुचवताच ठरलं होतं. पुतण्याला अझुलेजोची फरशी हवी होती, पणजीत जुन्या घरांवर असतात तशी, पांढऱ्यावर निळ्या नक्षीची. (पोर्तुगीजमध्ये ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणून अझुलेजो म्हणजे निळी फरशी असं सगळे धरून चालतात. शब्द मुळात अरबी आहे, गुळगुळीत केलेल्या लहान दगडाचा, निळ्याशी त्याचा काही संबंध नाही. मलाही हे वहीमुळेच कळलं.) अक्षरांचं डिझाइन मी करायचं होतं. पुतण्या म्हणाला, रोमनमध्ये करू, ए आणि आय, दोनच अक्षरं, छान दिसतील. मी म्हटलं, ते वाचून लोक हल्ली संगणकाची बुद्धी म्हणतील. आणि पोर्तुगीज वाचणाऱ्याला तो ‘आय’ म्हणजे कळ आल्यावर तोंडून निघणारा उद्गार. भाऊ म्हणाला, मग आपण तरी ठेच लागल्यावर दुसरं काय म्हणतो?

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तरी शेवटी देवनागरीच ठरली. मी अक्षरं मुद्दाम हाताने काढली, बाबांच्या वेळच्या खिळ्यांना असायची तशी जाड-बारीक. चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलं, भाषा: मराठी.

फरशी बसवायला आलेला कारागीर उत्तर प्रदेशचा होता. सिमेंट ओलं असताना तो मागे सरकून ओळंबा बघत होता आणि त्याने ते मोठ्याने वाचलं. ‘आई.’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘कौन आई?’

भावाची गाडी तेवढ्यात फाटकात येऊन थांबली होती. जुन्या घरातले देव मांडीवर घेऊन आई पुढच्या सीटवर बसलेली. दार उघडं होतं, तिने ऐकलं. तिचं हिंदी टीव्हीवरचं.

‘मैं आई,’ ती म्हणाली.

कारागिराने थापी खाली ठेवली, हात पुसले आणि तिची पिशवी उतरवायला पुढे गेला.