घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह अँपमधली घुंऽऽ: माझा अनुभव

"मंगळवारी या." दिवाळीपासून होळीपर्यंत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कॅलेंडरवर मंगळवार दिसला तरी डोकं फिरतं. गोष्ट तशी गिटारच्या अँपची (अँप्लिफायरची) आहे, पण ट्रान्सफॉर्मर भरून म्हणजे त्यात तार गुंडाळून देणाऱ्या काकांना वगळून ती सांगताच येत नाही.

अँप म्हणजे फेंडर चँप, ५एफ१ नावाचं १९५० च्या दशकातलं सर्किट. त्यात तीन व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या: प्रीअँपला (गिटारचा बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग) एक १२एएक्स७, आउटपुटला (स्पीकर चालवणारा भाग) एकच ६व्ही६, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. पाच वॅट आणि आठ इंची स्पीकर. यापेक्षा साधा व्हॉल्व्ह अँप नसेल म्हणूनच निवडला. पार्ट आणणं, चॅसीला भोकं पाडणं, वायरिंग यात दोन शनिवार-रविवार गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला होता (हे कराच, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो). सुरू होताच अँप जो किंचाळायला लागला की शेजारच्यांनी दार वाजवलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (६व्ही६ आणि स्पीकरच्या मधला) स्पीकरकडच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या, त्यामुळे निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देणं) पॉझिटिव्ह झाला होता. अदलाबदल केली, पाच मिनिटांत शांत.

शांत म्हणजे किंचाळणं थांबलं. मागे राहिली ती घुंऽऽ. गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनसुद्धा.

आई भजनी मंडळात पेटी वाजवते. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अरे, तुझा हा भुंगा पांढरी पाचच्या जरा वर लागलाय." मी हसलो आणि मग हिशोब केला तर खरंच! खालची पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास येते, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, फुलवेव्ह रेक्टिफायरमधून गेली की तिचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेली लहर, होतो १०० हर्ट्झ. म्हणजे आईने पेटीवरून सांगितलं की हा हम (ही घुंऽऽ) पॉवर सप्लायच्या रिपलचा आहे. गिटारवाल्यांनी सगळ्यात जाड तारेचा तिसरा पडदा वाजवून त्याच्याशी ताडून बघा, भुंगा त्याच्या किंचित वर लागला तर रिपल किंवा ग्राउंडिंग. इंटरनेटवर जिथे तिथे ६० आणि १२० लिहिलेलं असतं, ते अमेरिकेच्या विजेचं. मी आधी तेच धरून बसलो होतो आणि काही जुळत नव्हतं.

हा १०० वाला तसा पटकन गेला. मी शिकाऊपणाने प्रत्येक ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची वायर) जवळ दिसेल त्या स्क्रूला आवळला होता. ते सगळं सोडवलं. हाय व्होल्टेज वाइंडिंगचा सेंटर टॅप (मधोमध काढलेलं टोक) आणि पहिल्या फिल्टर कपॅसिटरचा (रिपल गाळणारा) निगेटिव्ह आधी एकमेकांना जोडून मग एका स्क्रूवर, प्रीअँपचं ग्राउंड इनपुट जॅकपाशी, आणि जॅकला फायबरचे वॉशर घालून तो चॅसीपासून वेगळा केला, नाहीतर ग्राउंडला दोन वाटा होतात आणि लूप बनतो. दुसरा फिल्टर ८ मायक्रोफॅरडचा होता तो २२ चा केला. पहिला १६ चाच ठेवला कारण ५वाय३ ला तिथे फार मोठा कपॅसिटर झेपत नाही. पुशपुल (आउटपुटला दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालणाऱ्या) अँपमध्ये रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा आपोआप कटतो, इथे एकच ६व्ही६ असल्यामुळे जे येईल ते थेट स्पीकरात.

हात घालायच्या आधी एक सांगतो, खरं तर हे वर यायला हवं होतं. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. दहा-वीस किलोओहमचा जाडसर रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या वायरीने लावून डिस्चार्ज करा, मीटरने बघा, मगच बोट घाला. मी एकदा बघितलं नाही, कोपरापर्यंत झणझणलं आणि दिवसभर हात हलका वाटत होता.

तर घुंऽऽ निम्म्याहून कमी झाली, मी खूश. आई म्हणाली, "सा गेला तुझा, पंचम राहिला." मी म्हटलं बरं बरं. हे वाक्य तेव्हा नीट ऐकलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

कारण उरलेली घुं जाईचना. वेगळीच होती, बारीक, सतत, व्हॉल्यूम फिरवला तरी तेवढीच. व्हॉल्यूमने बदलत नाही म्हणजे व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी आहे, एवढं कळत होतं. १२एएक्स७ उपटून बघितला, तरी चालूच. म्हणजे प्रीअँप सुटला. मग मी ६व्ही६ च्या मागे लागलो. दुसरा ६व्ही६ आणला, तेच. हीटरच्या (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार) वायरी पुन्हा पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून नेल्या, तेच. हीटरला सेंटर टॅप हवा होता पण काकांनी तो काढलाच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "सहा व्होल्टाला कशाला टॅप? आम्ही इतके रेडिओ भरले, कधी लागला नाही." मग दोन्ही बाजूंनी १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून खोटा सेंटर टॅप केला आणि तो ६व्ही६ च्या कॅथोडला जोडला, तिथे वीसेक व्होल्ट असतात, त्याने हीटरचा हम दबतो. दबला असेलही. घुं तशीच.

आता काकांबद्दल. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या पलीकडे एका बोळात त्यांचं दुकान, पाच बाय आठचं, व्हॉर्निशचा वास, भिंतीला स्टॅम्पिंगचे (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या पत्र्यांचे) गठ्ठे. माणूस कामाचा आहे, नाही असं नाही. पण चार दिवसांचं काम पाच आठवडे. मंगळवारी गेलं की "तार यायचीय", पुढच्या मंगळवारी "बॉबिन नाही", त्याच्या पुढच्याला दुकान बंद आणि शेजारचा म्हणतो "काका गावाला गेलेत". एकदा तर ट्रान्सफॉर्मर तयार होता, मी बघितला, समोर टेबलावर, पण "व्हॉर्निश ओलंय, मंगळवारी या." अहो तुमचं व्हॉर्निश रविवारी नाही का वाळत?

आणि हम आल्यावर मी त्यांनी भरलेला मेन ट्रान्सफॉर्मर (घरातल्या विजेला लागणारा) घेऊन परत गेलो तर पाच मिनिटं हातात धरून म्हणाले, "साहेब, ट्रान्सफॉर्मर म्हटला की घुंघुं करणारच, माणूस झोपेत घोरत नाही का?" बाजूला बसलेले दोघं हसले. मी पण हसलो आणि बसमध्ये बसल्यावर चिडलो. घोरणं वेगळं ना, ते पत्र्यांचं, कान चॅसीला लावला की ऐकू येतं. माझा आवाज स्पीकरच्या कोनमधून येत होता.

मग मी जे नको ते सगळं केलं. चोक (रिपल गाळणारी कॉइल) टाकला. महाग कपॅसिटर मागवले. प्लेट रेझिस्टर मेटल फिल्मचे केले, त्याने सरसर कमी झाली, पण हमचा आणि त्याचा काय संबंध? लाकडी काडीने सगळीकडे टकटक करत बसलो, त्यात एक ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला सांधा) सापडलं एवढाच फायदा. बायको म्हणाली, "असू दे ना, वाजवायला लागलास की ऐकू येत नाही." तिचं बरोबर होतं, पण मला झोप लागत नव्हती.

खरी चूक वेगळी होती. मी कधीच ६व्ही६ काढून अँप चालवून बघितला नाही. का? कारण "स्पीकर न लावता अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो" हे कुठेतरी वाचलेलं माझ्या डोक्यात "आउटपुट व्हॉल्व्ह काढून चालवू नका" असं बसलं होतं. त्यात एक खरी अडचण आहे, ६व्ही६ काढला आणि ५वाय३ ठेवला तर लोड नसल्यामुळे व्होल्टेज चढतं आणि माझ्यासारखे ४५० व्होल्टचे कपॅसिटर लावले असतील तर ते फुटायची वेळ येते. पण मग ५वाय३ पण काढा ना! हे सुचायला मला फेब्रुवारी उजाडला.

सुचलंही नाही, घडलं. चॅसी पुसायची म्हणून तिन्ही व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले होते. पुसून झाल्यावर हीटरचं व्होल्टेज मोजावं म्हणून तसाच स्विच टाकला, आणि स्पीकरमधून घुंऽऽ. मी टेबलाकडे बघितलं. तिन्ही व्हॉल्व्ह तिथे आडवे पडलेले. अँपमध्ये काहीच नाही, सप्लाय नाही, सिग्नल नाही, आणि तरी वाजतोय.

फोनवर स्पेक्ट्रमचं (आवाजात कुठले हर्ट्झ किती ते दाखवणारं) फुकट ॲप टाकलं, फोन कोनसमोर धरला. ५०, १५०, २५०. शंभर जवळजवळ नाहीच. १५० म्हणजे पांढरी दोनच्या जरा वर, म्हणजे आईचा पंचम! आठ इंची स्पीकरला ५० नीट वाजवता येत नाही, म्हणून कानाला पंचमच ऐकू येत होता. आणि अशी ५० च्या विषम पटींची रांग दिसली की मेन ट्रान्सफॉर्मरच्या कोरवर (आतल्या पत्र्यांच्या गठ्ठ्यावर) संशय घ्यायचा. त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडत होतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ते झेलत होता. दोघं मी शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसवले होते, दिसायला छान दिसतात म्हणून. चॅसी लोखंडी पत्र्याची, म्हणजे त्या क्षेत्राला पूलच बांधून दिल्यासारखं.

स्क्रू काढले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातात धरला आणि फिरवायला लागलो. (व्हॉल्व्ह काढले तरी ५वाय३ च्या सॉकेटवर हाय व्होल्टेज एसी असतंच, तिकडे हात नाही, दुसरा हात खिशात.) जसजसा काटकोनाकडे गेला तसतशी घुं उतरत गेली आणि एका कोनात गायब. अक्षरशः गायब, थोडा पुढे नेला की परत. मी तो पाच मिनिटं नुसता पुढेमागे करत बसलो, रेडिओचं स्टेशन लावल्यासारखा. कोणाला हाक मारावी तर सगळे झोपलेले.

हे करायला अँप बांधून व्हायचीही गरज नाही बरं का. चॅसीला भोकं पाडायच्या आधी मेन ट्रान्सफॉर्मरचा फक्त प्रायमरी (विजेकडचं वाइंडिंग) लाइनला लावा (बाकीची टोकं टेप करून), आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (स्पीकरकडचं वाइंडिंग) जुना हेडफोन जोडा आणि तो चॅसीवर फिरवून जिथे शांत तिथे खूण करा.

ट्रान्सफॉर्मर इतकं सांडत का होता तेही नंतर कळलं. आमच्याकडे रात्री मीटर २४३ दाखवतो. काकांनी प्रायमरी भरला होता २२० वर. म्हणजे टर्न (तारेचे वेढे) कमी, कोर कायम गळ्यापर्यंत भरलेला, म्हणून तासाभरात हात ठेववत नाही इतका तापायचा. परत गेलो, मंगळवारीच, आणि म्हटलं, "काका, २४० ला भरून द्या, स्टॅम्पिंग थोडं जास्त घाला आणि हीटरला सेंटर टॅप काढा." कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला, "हे आधी सांगायचं ना साहेब." यावर मी काय बोलणार, खरंच सांगितलं नव्हतं, नुसतं "रेडिओला असतो तसा" म्हटलं होतं. या वेळी नऊ दिवसांत मिळाला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

नवा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, आउटपुटवाला दुसऱ्या टोकाला, काटकोनात. आता कान कोनला लावला तर काहीतरी आहे असं वाटतं, हातभर लांब गेलं की नाही.

गिटार लावल्यावर मात्र अजून एक चिरचिर येत होती आणि माझं धाबं दणाणलं. तो निघाला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (आजूबाजूचा हम पटकन पकडणारा) असेल तर पंखा बंद करून किंवा फुल करून बघा, मगच अँप उघडा. आणि तारांना हात लावला की आवाज बदलत असेल तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आमच्या हॉलमधल्या थ्री पिनला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, नुसतं भोक. हे हमसाठी नाही, जिवासाठी.

अजून एक राहिलंच. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी पहिल्याच दिवशी नीटनेटक्या कापू नका. मी कापल्या होत्या, आणि तो दुसऱ्या टोकाला न्यायची वेळ आली तेव्हा निळी वायर दीड इंचाने कमी पडली.