डोळा फोडणाऱ्याचा डोळा

साप शोधायला गेलं की सापडत नाही हे खरंच, पण हरणटोळ नावाचा हिरवा साप तर आपण त्याच्याकडे बघत असतानाही दिसत नाही. एकदा सह्याद्रीत पायवाटेवर पाणी प्यायला थांबलो होतो. समोर कारवीची एक डहाळी हलत होती, बाकीच्या ढिम्म. एकटीलाच वारा कसा लागतोय, असं मनात येतंय तोवर त्या डहाळीला डोळा फुटला.

डोळाही असा की पुन्हा विसरता येऊ नये. बहुतेक सापांची बाहुली गोल किंवा उभी. याची आडवी, कुलपाच्या छिद्रासारखी. त्यात डोळ्यापासून थेट टोकदार नाकाडापर्यंत खाच, बंदुकीच्या नळीवरून नेम धरावा तशी. त्यामुळे दोन्ही डोळे एकाच वेळी समोर रोखता येतात आणि सरडा नेमका किती लांब आहे ते कळतं. सापांत हे वैभव फार थोड्यांच्या वाट्याला आलंय.

आणि बदनामी काय, तर हा डोळे फोडतो! सिंहलीत त्याचं नाव ‘अहैतुल्ला’, म्हणजे डोळा फोडणाराच. शास्त्रज्ञांनी तेच उचलून त्याच्या अख्ख्या कुळाला चिकटवलं. मला वाटतं, चूक आपल्या उंचीची आहे. हा बसतो झुडपात, नेमका आपल्या तोंडासमोर, आणि आपण पान समजून नाक खुपसतो. विषाचे दात जबड्यात मागे, विष सौम्य. सरडे-बेडकांना पुरतं, माणसाला सहसा काही होत नाही.

२०२० साली कळलं, की आपण ज्याला एकच समजत होतो ते वेगवेगळे साप आहेत. मूळ शास्त्रीय नाव श्रीलंकेतल्याकडे राहिलं. सह्याद्रीच्या उत्तर भागातला झाला ‘बोरिॲलिस’, म्हणजे उत्तरेचा. हरणटोळाला अर्थात याचं सोयरसुतक नाही. तो अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि ती पिल्लंही काडीसारखीच झुडपात हरवतात.

माझ्या त्या हरणटोळानं थोडा वेळ जीभ बाहेर काढून तशीच स्थिर धरली. मी एक पाऊल पुढे टाकलं, तसं त्यानं अंग फुगवलं. हिरव्या खवल्यांमधून काळ्या-पांढऱ्या चौकटी उमटल्या. मी मुकाट्यानं मागे सरलो, बाटलीचं झाकण लावायला खाली पाहिलं, आणि वर बघतो तर कारवीच्या सगळ्या डहाळ्या सारख्याच.