साधं रिटर्न, मग सीएला पैसे द्यायचे का?

साधं आयकर रिटर्न भरायला सीए लागतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं रिटर्न मी स्वतः भरते, आणि माझ्या सख्ख्या भावाला मात्र दरवर्षी सीएकडे पिटाळते. दोघांचा पगार उन्नीस-बीस. मी एका कॉलेजच्या लेखा विभागात पगारपत्रकं करते, जूनमध्ये फॉर्म १६ (वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारं पत्रक) माझ्याच हातून वाटले जातात. त्यामुळे ‘मॅडम, एवढ्याशा रिटर्नला सीए कशाला?’ आणि ‘मॅडम, कुणी ओळखीचा सीए आहे का?’ हे दोन्ही प्रश्न माझ्याच टेबलाशी येतात. कधीकधी एकाच माणसाकडून.

पगाराच्या आकड्यावरून हे ठरत नाही. बघायचं एवढंच, की फॉर्म १६ च्या बाहेर वर्षभरात तुमचं काय काय झालं. एक नोकरी, बचत खातं, दोन-चार एफडी आणि राहतं घर, एवढंच असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म पुरतो. शेअर किंवा इक्विटी फंड विकून सव्वा लाखाच्या आतला दीर्घ मुदतीचा नफा झाला असेल, तर २०२५ पासून तोही त्यातच बसतो. आयकर खात्याच्या पोर्टलवर गेलात की पगार, टीडीएस (म्हणजे आधीच कापून भरलेला कर), बँकेचं व्याज बरंचसं आधीच भरलेलं असतं. फॉर्म १६ शेजारी ठेवायचा, आकडे जुळवायचे, जुनी की नवी करप्रणाली ते कॅल्क्युलेटरवर दोन्हीकडून करून बघायचं आणि पाठवायचं. मग आधारच्या ओटीपीने पडताळणी. ही ३० दिवसांत केली नाही तर भरलेलं रिटर्न भरल्यात जमा नाही, आणि लोक नेमकी हीच विसरतात. एवढ्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

(‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न तरी कशाला?’ असंही कुणीतरी विचारतंच. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून तेवढ्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, हे खरं. पण उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं.)

आता बाहेरच्या गोष्टी. आमच्या स्टाफमध्ये बहुतेक सगळे पगारदारांच्या पतसंस्थेचे सभासद. तिथल्या ठेवींवर व्याज, शिवाय शेअरवर लाभांश. पतसंस्था सभासदाच्या व्याजावर बहुधा टीडीएस कापत नाही, म्हणून लोक धरून चालतात की ते करमुक्त आहे. ते करमुक्त नाही. पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक असतं, त्यात बँका, फंडवाले, कंपन्या यांनी तुमच्याबद्दल कळवलेल्या नोंदी दिसतात. ते उघडून एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. आमच्या एका सरांना त्यात स्वतःचं एक जुनं बचत खातं सापडलं, ज्यावर व्याज जमा होत होतं आणि सर ते खातं केव्हाच विसरले होते. उलट पतसंस्थेचं व्याज तिथे असेलच असं नाही. नसलं तरी ते आपणच दाखवायचं.

फसवं प्रकरण म्हणजे दोन फॉर्म १६. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेली मुलं माझ्याकडे येतात, ‘मॅडम, दोन्हीकडे टीडीएस शून्य, म्हणजे काही भरायचं नाही ना?’ हिशेब करून बघा. २०२५-२६ मध्ये पहिल्या नोकरीत सहाच महिन्यांचं कंत्राट, महिना १ लाख २० हजार पगार; पुढचे सहा महिने दुसरीकडे, महिना १ लाख ४० हजार. आधीच्या पगाराचा तपशील नव्या ऑफिसला दिला नाही, तर एकाने धरले ७ लाख २०, दुसऱ्याने ८ लाख ४०. दोन्ही बाराच्या आत, म्हणून कुणीच कर कापला नाही. बेरीज १५ लाख ६० हजार. नव्या प्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते, म्हणून १४ लाख ८५ हजार. त्यावर उपकरासह कर १ लाख ६ हजार ८६० रुपये, वर व्याज. हे ऐकून चेहरा पडतो आणि मग सीएचा नंबर मागतात. पण सीए हा कर घालवू शकत नाही. फॉर्म तर इथेही साधाच आहे, अडचण फॉर्मची नव्हतीच. मार्चच्या आत ‘तुझी आधीची नोकरी कुठली होती?’ असं विचारणारं कुणी हवं होतं.

भावाला पाठवते ते याचसाठी. तो शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत हात घालतो. कायद्याच्या लेखी तो धंदा, म्हणजे धंदेवाल्यांचा आयटीआर-३ फॉर्म, आणि मुदतीत भरलं नाही तर तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. त्याचा सीए त्याला आधी तासभर प्रश्न विचारतो. ते पैसे वसूल आहेत. परदेशातलं उत्पन्न, दुकान-शिकवणीची कमाई, विकलेला प्लॉट, यांपैकी काही असेल तर तुम्हीही जा.

आणि एक जमात टाळा. सीए नसतात, ‘रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणतात. खोटी घरभाडं पावती, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी असलं दाखवून ते परतावा काढतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा ठिकाणी झडती घेतली. नोटीस त्यांना नाही, तुम्हाला येते, आणि चुकीची माहिती देऊन दडवलेल्या करावर दुप्पट दंड बसू शकतो. त्यात हे लोक पोर्टलवर स्वतःचाच ईमेल टाकून ठेवतात, म्हणजे नोटीस आली तरी तुम्हाला पत्ता नाही. पैसे कुणाला द्या वा देऊ नका, प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते आधी बघा.

आमच्या भागात साध्या रिटर्नला पाचशे ते हजार घेतात, म्हणजे प्रश्न फार पैशांचा नाहीच. पण जायचंच तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा त्यांच्याकडे रांग लागलेली असते आणि पतसंस्थेत ठेव आहे का हे विचारायला कुणाला सवड नसते.